जुनी एसयूव्ही बघायला जाताय? इंजिन थंड असताना गाठा

तीन वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाने कराडमध्ये एक सात सीटर डिझेल एसयूव्ही घेतली. सोबत मीही होतो. विकणाऱ्याने दुपारी बाराची वेळ दिली होती. गाडी धुऊन लख्ख केलेली, टायरला काळं पॉलिश, आत अत्तराचा वास. चावी फिरवताच अर्ध्या सेल्फमध्ये इंजिन सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. महामार्गावर दहा किलोमीटर पळवून आणली आणि सौदा ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्याचा फोन आला, "दादा, गाडी सुरूच होत नाहीये." मी पोचलो तेव्हा पाच-सहा सेल्फनंतर ती एकदाची सुरू झाली होती. अंगणभर पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा डोळ्यांना झोंबणारा वास, आणि इंजिन एका सिलिंडरवर लंगडत असलेलं. पाच मिनिटांत तेच इंजिन शहाण्यासारखं चालायला लागलं. आदल्या दिवशी सौद्याच्या वेळी मी बोनेटवर हात टेकवला होता, तो चटकन उचलावा लागला होता. उन्हामुळे तापलं असेल, असं मला वाटलं. गाडी मात्र सावलीत उभी होती.

त्या इंजिनच्या कामात भावाचे जेवढे पैसे गेले, तेवढ्यात मोटरसायकल आली असती. त्यानंतर ओळखीपाळखीत कुणी जुनी एसयूव्ही घ्यायची म्हटलं, की मी स्वतःहून सोबत जातो. गेल्या तीन वर्षांत आमच्या मेस्त्रींकडून जे शिकलो ते इथे मांडतो. मी स्वतः मेस्त्री नाही. खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टी तपासायला मेस्त्री असावंही लागत नाही. वेळ मात्र द्यावा लागतो.

थंड इंजिनच का?

डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा साधारण सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती प्रचंड तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणजे सगळा खेळ दाबाचा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर हवा बाजूने निसटते, दाब कमी पडतो, डिझेल नीट पेटत नाही. इंजिन गरम असेल तर आतला धातू आधीच तापलेला असतो, त्यामुळे कमी दाबावरही निभावून जातं. थंड इंजिनात निभावत नाही. थंडीत मदतीला हीटर प्लग असतात. ते गेले असतील किंवा इंजेक्टर फवारा मारण्याऐवजी थेंब टाकत असतील, तर तेही पहाटेच कळतं.

म्हणून सकाळी लवकर जा, आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर सगळ्यात आधी बोनेटला आणि रेडिएटरच्या पाइपला हात लावा. कोमट लागलं तर नम्रपणे सांगा की उद्या येतो. एवढ्यासाठी पुन्हा हेलपाटा मारायचा कंटाळा करू नका.

इंजिन थंड आहे तोवर, सुरू करायच्या आधीच, दोन गोष्टी बघून घ्या. कूलंटच्या टाकीचं झाकण फक्त थंड असतानाच उघडायचं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं. आतलं कूलंट रंगीत आणि स्वच्छ हवं. गंजकट तपकिरी पाणी दिसलं तर मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय, असं समजा. वर तेलाचा तवंग असेल तर तिथूनच परत फिरा. मग ऑइलची पट्टी काढा. डिझेल गाडीचं ऑइल काळंच असतं, त्याला घाबरू नका. ते दुधाळ किंवा कॉफीसारखं दिसलं तर कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळतंय. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागांमधली सीलची पट्टी, गेल्याची ही खूण.

आता सेल्फ मारायला सांगा, पण स्वतः सायलेन्सरमागे उभे राहा. धूर वाचता आला पाहिजे. पांढरा धूर क्षणभर येऊन विरला तर ती वाफ. तो रेंगाळला आणि डिझेलचा वास आला तर डिझेल न जळता बाहेर पडतंय. त्याला गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल खाते, एकतर रिंगांमधून, नाहीतर टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, सीलमधून. काळा धूर सहसा जोरात रेस दिल्यावर दिसतो. त्याचा अर्थ डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. टर्बोचा पाइप फाटलेला असेल, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने चिकटलेला असेल, किंवा इंजेक्टर जास्त डिझेल ओतत असेल.

इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण अलगद सैल करा. तिथून भसाभस धूर बाहेर आला, झाकण थरथरून उडायला लागलं, तर मेस्त्री म्हणतात, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय." पिस्टनच्या वरचा दाब रिंगांतून खाली उतरतोय, असा त्याचा अर्थ. थोडीशी वाफ सगळ्याच जुन्या डिझेल इंजिनांत येते. रेल्वेच्या इंजिनासारखे भपकारे येत असतील तर इंजिनचं काम जवळ आलंय.

बेल्ट की चेन

हा प्रश्न गाडी बघायला जाण्याआधीच विचारून ठेवा. इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन ठरलेल्या तालात वरखाली होतात, आणि तो ताल सांभाळायला टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन असते. डस्टरचं दीड लिटर डिझेल इंजिन, इकोस्पोर्टचं दीड लिटर डिझेल, हॅरियर आणि कंपासचं दोन लिटर डिझेल, जुन्या फॉर्च्युनरचं तीन लिटर इंजिन, या सगळ्यांत रबरी बेल्ट आहे. स्कॉर्पिओचं एमहॉक, जुन्या डिझेल ब्रेझाचं १.३ लिटर आणि क्रेटाचं १.६ लिटर डिझेल, यांत चेन आहे.

बेल्ट वाईट आणि चेन चांगली, असा निष्कर्ष काढू नका. बेल्ट ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, आणि दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं. गाडी कमी पळाली तरी रबर जुनं होतंच. बेल्ट चालू गाडीत तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनचं वरचं अंग खलास होतं. त्यामुळे बेल्टच्या गाडीत बिल बघितल्याशिवाय "बदललाय" या शब्दावर विश्वास ठेवू नका. बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. चेनच्या गाडीत थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद इंजिनाच्या टोकाकडून साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला तर चेन सैल झालीय. इकोस्पोर्टच्या एक लिटर टर्बो पेट्रोलमध्ये बेल्ट चक्क ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यात चुकीचं ऑइल वापरलं असेल तर बेल्ट झडायला लागतो, म्हणून तिथे ऑइलचीही बिलं मागा.

बीएस-६ डिझेल घेणाऱ्यांसाठी

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा कडक नियम, लागू झाला आणि नव्या डिझेल गाड्यांत डीपीएफ आला. हा सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी पकडणारा गाळणा. त्यात साठलेली काजळी गाडी मधूनमधून स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी तिला सलग वीस-तीस मिनिटं बऱ्या वेगाने पळावं लागतं. ज्या मालकाची गाडी रोज चार किलोमीटर शाळा आणि भाजी मंडई एवढीच फिरली, तिचा डीपीएफ चोंदलेला असण्याची शक्यता जास्त. इथे कमी पळालेली गाडी जास्त त्रास देऊ शकते, आणि बहुतेक लोक नेमका याचाच उलटा विचार करतात.

याची एक खूण ऑइलच्या पट्टीवरच सापडते. काजळी जाळताना गाडी जादा डिझेल फवारते. ती प्रक्रिया अर्धवट राहिली तर त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली दिसली आणि पट्टीला डिझेलचा वास आला, तर कारण हेच. दुसरी तपासणी एका बोटाची. थंड सायलेन्सरच्या आत बोट फिरवा. डीपीएफ धड असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. काजळीने काळंकुट्ट निघालं तर आतला गाळणा फुटलाय किंवा कुणीतरी तो काढून टाकलाय. अशी गाडी घेऊ नका. काही गाड्यांत धूर स्वच्छ करायला अ‍ॅडब्लू नावाचं द्रावण भरावं लागतं. त्याचा इशारा डॅशबोर्डवर लागलेला नाही ना, तेही बघा.

पाण्यात गेलेली गाडी

भावाने ती पहिली गाडी दुरुस्त करून विकली, आणि गेल्या हिवाळ्यात आम्ही दुसरी बघायला चिपळूणला गेलो. पहाटे चारला कराड सोडलं, साडेसहाच्या आत त्या घरी हजर. बोनेटवर दव होतं. मन निम्मं तिथेच शांत झालं.

पण चिपळूणची गाडी म्हणजे आधी पुराची शंका फेडायची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या, ते तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला तेच झालं, २६ जुलै २००५ ला मुंबईत तेच. अशा गाड्या स्वच्छ करून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. म्हणून गाडी कुठल्याही गावात बघा, ही तपासणी सोडू नका.

मी सगळ्यात आधी पट्टे बघतो. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा, अगदी टोकापर्यंत. गाडी धुणारा माणूस सीट धुतो, कार्पेट बदलतो, पण गुंडाळीत गेलेला शेवटचा हातभर पट्टा त्याच्या लक्षात येत नाही. तिथे मातकट आडवी रेघ दिसली तर पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे पट्टाच सांगतो. त्या दिवशी आम्ही सातही पट्टे ओढून पाहिले. मालक जरा वैतागले, पण पट्टे कोरे निघाले. मग सीटखालचे रूळ, ब्रेक पेडलच्या वरचा भाग, स्टेपनीची जागा, फ्यूज बॉक्सचे कोपरे, सगळीकडे टॉर्च मारला. गंज सगळीकडे सारखाच पसरलेला असेल किंवा वायरिंगच्या गुंडाळीत वाळलेला चिखल सापडला, तर गाडी पाण्यात होती.

पुराच्या पाण्यातून चालू गाडी नेली असेल तर आणखी मोठा धोका असतो. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि त्याचा कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड थोडा वाकला असेल तर इंजिन पुढे काही महिने चालतंही, फक्त थोडं खडबडीत. एअर फिल्टरचा डबा उघडा. कागद वाळून लाटालाटांचा झाला असेल, डब्याच्या तळाशी बारीक गाळ असेल, तर विम्याच्या क्लेमची माहिती मागा.

गाडीखाली

स्कॉर्पिओ, बोलेरो, थार, फॉर्च्युनर या गाड्यांना खाली शिडीसारखी स्वतंत्र चासी असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असते. क्रेटा, ब्रेझा, डस्टर, हॅरियर, एक्सयूव्ही ५०० यांना वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे बघायची जागाही वेगळी. चासीच्या गाडीत पुढची दोन टोकं सरळ आहेत का, कुठे वेल्डिंगचा ताजा टाका आहे का, चासी नंबर खोडलेला वाटतो का, हे बघा. कोकणातल्या खाऱ्या हवेत चासी आतून गंजते. वरून काळा कोट ताजा मारलेला असला तर जास्तच सावध व्हा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने जागोजागी ठोकून बघा. चांगलं लोखंड खणखणतं, गंजलेलं ठप्प वाजतं. चासी नसलेल्या गाडीत बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन, म्हणजे चाकांच्या आतल्या बाजूचे पत्रे, आणि शॉकरच्या वरच्या वाट्या तपासा. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा असतील तर ते भाग कधीतरी उघडले गेलेत.

गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा लिफ्टवर गाडी नेणं याला पर्याय नाही. त्यासाठी ओळखीच्या मेस्त्रींना त्यांची मजुरी द्या, फुकट बघा म्हणू नका. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शॉकरमधून ओघळलेलं तेल, मागचे पाटे, हे त्यांच्या नजरेला क्षणात दिसतं. टायर तुम्हीही वाचू शकता. बाजूला चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आतली कडच जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट किंवा पुढच्या भागात गडबड आहे. फोर बाय फोर गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो.

आणि फोर बाय फोर म्हणून जादा पैसे देणार असाल तर ते लावून बघा, तेही मातीच्या मोकळ्या जागेत. स्कॉर्पिओ, थारसारख्या गाड्यांत डांबरावर फोर व्हील लावून वळवलं तर आतले गिअर एकमेकांना ओढतात. शहरातल्या बऱ्याच मालकांनी तो लिव्हर कधी हलवलेलाच नसतो, आणि मग तो गंजून अडकलेला असतो.

घाट

इथून पुढचं गाडी चालवून कळतं, आणि त्यासाठी चढ हवा. पुण्यात असाल तर जुना कात्रज घाट, साताऱ्यात खंबाटकी, नाशिककडे कसारा. आमच्यासमोर कुंभार्ली घाट होताच. पोफळीपासून घाटमाथ्यापर्यंत गाडी वर काढायची असं ठरलं. मालक शेजारी बसले, भाऊ चालवत होता, मी मागच्या सीटवर कान लावून.

निघताना एक सोपी तपासणी. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. क्लच दाबल्यावरच घरघर ऐकू आली तर रिलीज बेअरिंग. क्लच सोडलेला असताना आवाज येतो आणि दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. बऱ्याच डिझेल एसयूव्हींत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, म्हणजे दोन तबकड्या आणि मध्ये स्प्रिंगा, इंजिनचे धक्के पचवायला. ते गेलं की इंजिन बंद करताना डब्यात दगड हलवल्यासारखा खडखडाट होतो. क्लच प्लेटपेक्षा त्याचा खर्च जास्त.

चढावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात एकदम रेस द्या. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. टर्बो चांगला असेल तर एका ठरावीक फेऱ्यांनंतर गाडी पाठीत ढकलल्यासारखी पुढे निघते. ढकलणं नाही आणि नुसती किंकाळीसारखी शिट्टी वाढत गेली, तर टर्बो झिजलाय किंवा पाइप गळतोय. तापमानाचा काटा अर्ध्यावर स्थिर राहायला हवा. ऑटोमॅटिक असेल तर चढावर रिव्हर्स टाकून बघा. गिअर लागायला वेळ लागणं किंवा झटका बसणं, दोन्ही वाईट.

गुणगुण आवाज आला तर तो कधी बदलतो ते ऐका. वळण घेताना कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग. रेस सोडल्यावर आणि दिल्यावर बदलत असेल तर मागचा डिफरन्शिअल. पहिल्यावरून रिव्हर्समध्ये टाकताना खालून "ठक्क" झालं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. हा स्वस्तात होतो, त्यासाठी गाडी सोडू नका. उतारावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरलं तर ब्रेकची डिस्क वाकडी.

एसी, काचा, दिवे याबद्दल लिहीत बसत नाही, ते कुणीही बघतं. मीटर मागे घेतलाय का, हे मात्र पेडलच्या रबरावरून, सीटच्या दबलेल्या कडेवरून आणि सर्व्हिसच्या नोंदींवरून ताडून बघा. मेस्त्रींकडे स्कॅनर असेल तर एक आकडा नक्की काढून घ्या. जुने एरर कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हे बऱ्याच गाड्यांत दिसतं. तो आकडा पाच-दहा किलोमीटर असेल तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी इंजिनचा दिवा विझवलाय.

घरून निघण्याआधी आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून चार किमती लिहून आणल्या होत्या: टर्बो, एक इंजेक्टर, फ्लायव्हीलसकट क्लच सेट आणि रेडिएटर. चासी नंबर सांगितला की त्या मिळतात.

घाटमाथ्यावर गाडी बंद करून चहा घेतला. पंधरा मिनिटांनी भावाने चावी फिरवली. सेल्फ लांबला. चार सेकंद, पाच सेकंद, मग सुरू झाली. मालक म्हणाले, "बॅटरी जुनी झालीय हो, बाकी काही नाही." पण सेल्फ जोरात फिरत होता आणि दिवे मंदावले नव्हते. बॅटरी कमजोर असती तर सेल्फ ओढत ओढत फिरला असता. सकाळी थंड असताना चटकन सुरू झालेली गाडी गरम झाल्यावर वेळ घेते, तेव्हा संशय डिझेलच्या दाबावर घ्यायचा. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरमधून परतीच्या नळीने जास्त निसटतं, आणि सुरू व्हायला लागणारा दाब तयार व्हायला वेळ लागतो.

मालक सरळ माणूस निघाले, तपासायला नाही म्हणाले नाहीत. चिपळूणलाच पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे गेलो. त्याने चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांना एकेक छोटी बाटली लावली आणि इंजिन मिनिटभर चालवलं. तीन बाटल्यांत तळाला बोटभर डिझेल, तिसऱ्या नंबरची मात्र अर्धी भरलेली. मालकांनी ती बाटली हातात घेऊन बराच वेळ बघितली. भावाने खिशातली चिठ्ठी काढून एका इंजेक्टरची किंमत दाखवली, तेवढी रक्कम कमी झाली, आणि गाडी आम्ही घेतली.